एमएलक्यू ५एक्स: तरुण माणसं का सोडून जातात, हे या फॉर्मला कितपत कळतं?

टीममधली पंचविशीतली माणसं एकामागून एक राजीनामे द्यायला लागली की पहिलं बोट पगाराकडे जातं. मॅनेजरच्या वागण्याकडे बघायचं तर हातात काहीतरी मोजमाप हवं. 'मल्टिफॅक्टर लीडरशिप क्वेश्चनेअर', म्हणजेच एमएलक्यू ५एक्स, हे त्यासाठीचं चांगलं रुळलेलं साधन आहे. अमेरिकी अभ्यासक जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली परिवर्तनशील नेतृत्वाची, म्हणजे माणसांना प्रेरणा देऊन घडवणाऱ्या नेतृत्वाची कल्पना मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये पुढे नेली आणि ब्रूस अव्होलिओ यांच्याबरोबर त्यातून हा फॉर्म घडवला. तो 'माइंड गार्डन' या प्रकाशक कंपनीकडून परवाना घेऊनच वापरायचा. एक प्रत घेऊन झेरॉक्स वाटता येत नाहीत.

एकूण प्रश्न ४५. त्यातले ३६ नेतृत्वशैलीचे आहेत: नऊ पैलू, प्रत्येकी चार प्रश्न. उरलेले नऊ परिणामांचे. उत्तरं ० ते ४ मध्ये द्यायची. मॅनेजर स्वतःचा फॉर्म भरतो आणि हाताखालचे, बरोबरीचे, वरचे लोक त्याच्याबद्दल वेगळा भरतात. भरायला पाव तास पुरतो, वाचायला मात्र निवांत वेळ काढा.

सगळ्यात जास्त चूक होते ती सरासरी वाचताना. समजा, 'व्यक्तिगत लक्ष' या पैलूवर सहा जणांचे गुण ४, ४, ४, १, १, १ आले. सरासरी २.५, म्हणजे कागदावर ठीकठाक. पण ते तीन १ जर नव्यांचे असतील, तर जुन्यांना वेळ देणारा हा मॅनेजर नव्यांच्या वाट्याला येतच नाही, हे त्या २.५ मध्ये साफ बुडून जातं. भरणारा वरचा, बरोबरीचा की हाताखालचा, एवढंच हा फॉर्म विचारतो. नोकरीला किती दिवस झाले ते नाही. म्हणून दोन वर्षांच्या आतल्यांचा गट सुरुवातीलाच वेगळा पाडावा. त्या गटात किमान पाच जण हवेत, नाहीतर कोणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं आणि पुढच्या वेळी कोणी खरं लिहीत नाही.

दुसरी गफलत उलट्या पैलूंची. 'बिघडल्यावरच लक्ष घालणं' आणि 'जबाबदारी टाळणं' यांत आकडा जितका मोठा तितकं वाईट. तरुणांच्या बाबतीत आधी हेच दोन बघावेत. कडक मॅनेजरशी माणूस जुळवून घेतो, पण अडल्यावर जो सापडतच नाही त्याच्या हाताखाली नवा माणूस काही शिकत नाही, आणि शिकणं थांबलं की तो दुसरीकडे अर्ज टाकतो. मॅनेजरने स्वतःला इथे ० दिले आणि टीमने २, तर बोलणं त्या फरकावरच व्हावं.

कोरी सोडलेली उत्तरंही मोजा. सरासरी फक्त दिलेल्या उत्तरांची निघते, त्यामुळे कोऱ्या जागा आकड्यात दिसतच नाहीत. 'व्यक्तिगत लक्ष'चे चारही प्रश्न कोरे असतील, तर त्या माणसाचा मॅनेजरशी तेवढा संबंधच आलेला नाही, अशी शक्यता मोठी.

उणिवा आहेतच. परिवर्तनशील नेतृत्वाचे पाच पैलू एकमेकांशी फार जुळून येतात. एकात चांगले गुण पडले की बाकीच्यांतही पडतात. 'कामाचा मोबदला स्पष्ट ठरवणं' हा पैलू तर वेगळ्या शैलीतला मानलेला, तरी तोही त्यांच्याच बरोबर हलतो. म्हणून अर्ध्या गुणाच्या फरकावरून ट्रेनिंग ठरवू नये. मोठी उणीव अशी की परिणामांच्या नऊ प्रश्नांत जादा मेहनत, परिणामकारकता आणि समाधान आहे. नोकरीत राहायचं की सोडायचं, हे नाही. ते दोन-तीन प्रश्न आपले आपण वेगळ्या कागदावर जोडावे लागतात: वर्षभर इथेच राहायचा विचार आहे का, गेल्या महिन्यात दुसरीकडे चौकशी केली का.

अप्रेझलच्या आगेमागे हा फॉर्म वाटू नये. गुण पगारवाढीचा रंग घेऊन येतात. मॅनेजरच्या बढतीलाही तो जोडू नये, कारण मग टीमवर दबाव येतो. आणि नवे लोक पाचपेक्षा कमी असतील तर परवान्यावर खर्च न करता मॅनेजरने दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला अर्धा तास द्यावा.