अक्कलदाढांची शस्त्रक्रिया आणि उलटीचा बंदोबस्त

पुण्यातील ज्या रुग्णालयात माझ्या मुलीच्या अक्कलदाढा पूर्ण भूल देऊन काढल्या, तेथील भूलतज्ज्ञांचे काम मला मनापासून प्रशंसनीय वाटते. तिला गाडी लागते हे कळताच त्यांनी उलटीचा धोका जास्त धरला आणि भुलीच्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचे औषध आणि उलटी टाळण्यासाठी सुरुवातीला डेक्सामेथासोन व शेवटी ऑन्डान्सेट्रॉन ही औषधे देण्याचे ठरवले. पोटात गेलेल्या रक्तानेही मळमळते, म्हणून शस्त्रक्रियेपुरती घशात गॉजची पट्टी ठेवली होती. नंतरची रक्तमिश्रित लाळ गिळू न देता ओठांवरून अलगद कशी टिपायची, हे परिचारिकेने करून दाखवले. मुलीला किंचित मळमळले, उलटी झाली नाही. सूचनापत्रात मात्र मध्यरात्रीपासून पाणीही बंद असे छापले आहे. साधे पाणी भुलीच्या २ तास आधीपर्यंत चालते, हे विचारल्यावरच कळले. तेवढे त्यांनी सुधारावे.