गोदामात कट्टे की सायलो, गावच्या कंपनीनं पैसा कशात घालावा?

आमच्या शेतकरी कंपनीच्या दोन मिटिंगा याच्यातच गेल्या. पोट्टे म्हणतात सायलो घ्या, म्हणजे सुटा माल साठवायची पत्र्याची उंच टाकी, बटण दाबलं की माल वर, बटण दाबलं की खाली. म्हातारे म्हणतात साधं गोदाम बांधा.

जागेत सायलो जिंकतो, वादच नाही. सुटं सोयाबीन टनाला दीड घनमीटरच्या आतच बसतं, गोदामात मात्र थप्पीभोवती गल्ली सोडा, खाली लाकडी पाट टाका, भिंतीपासून दूर ठेवा. उंदरालाही पत्र्यातून वाट नाही.

खरी गोम ओलाव्याची. सोंगणीत पाऊस आला की सोयाबीन १४-१५ टक्क्यावर येतं आणि साठवायला पाहिजे १२ च्या आत. कट्ट्यात असेल तर ज्याचा माल ओला त्याचे तेवढे वीस कट्टे बाजूला काढून उन्हात पसरवता येतात, सायलोत एकाचा ओला माल गेला की तो सगळ्यांच्या मालात मिसळला बाप्पा, मधात बुरशी कुठं धरली ते वरून दिसतही नाही. त्याच्यासाठी आत सेन्सरच्या केबली सोडलेल्या असतात, माल गरम व्हायला लागला की स्क्रीनवर समजतं, मग पंखे लावून थंड हवा सोडायची. थप्पीत असं काही नाही, परखी (कट्ट्यात खुपसून नमुना काढायची नळी) मारा अन् वास घ्या. सिस्टिम एक नंबर आहे, पण पंख्याला लाईट लागते आणि आपल्याकडची थ्री फेज कधी येते कधी जाते ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून जनरेटर आणि ओला माल सुकवायचा ड्रायर दोन्ही आधीच हिशोबात धरा.

दुसरं म्हणजे सायलोला एकाच जातीचा भरपूर माल लागतो. तूर, हरभरा, सोयाबीन थोडं थोडं येत असेल तर काय तीन सायलो उभे करता? बियाण्याचं सोयाबीन तर त्यात टाकूच नका, साल पातळ असते, माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरनं उंचावरून पडलं की उगवण जाते, आणि ७० टक्के उगवण नसेल तर ते बियाणं कसलं. (हमालही कट्टे आपटतातच म्हणा.)

कर्जाचं म्हणाल तर कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन्हीला २ कोटीपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट आहे, त्याच्यावरून ठरवू नका.

मी तर गोदामच म्हणीन, सोबत कट्टे चढवायला एक बेल्ट आणि ओलावा मोजायचं मशीन. सायलो तेव्हाच घ्या जेव्हा एखादी तेल मिल सुटा माल उचलायचं लिहून देईल. बाजार समितीत न्यायचा असेल तर सायलोतून काढून परत कट्टेच भरा, म्हणजे हमाल आलाच.