भिंतीतला इलेक्ट्रिक ओव्हन: टायमरसाठी घेतला, टायमरवरूनच भांडले

लिटर, वॅट, मोड दुकानात कळतातच. मी लिहितेय टायमरबद्दल, कारण साध्या ओटीजीपेक्षा (ओट्यावर ठेवायचा छोटा ओव्हन) इतके जास्त पैसे त्याच्यासाठीच मोजले.

किती वेळ भाजायचं आणि किती वाजता संपायला हवं, एवढंच सांगायचं. ४५ मिनिटं आणि १९:०० लावलं की सव्वासहाला आपोआप सुरू. घड्याळ २४ तासांचं आहे, ७:०० लावलंत तर सकाळचे सात धरतो. हिवाळ्यात रताळी, बटाटे, बीट लावून ठेवायचे आणि मी जाम खूश होते.

मग एका गुरुवारी लाइट गेली. आली तेव्हा ०:०० लुकलुकत होतं, लावलेली वेळ पुसलेली आणि ओव्हन तापेचना. सर्व्हिसवाला म्हणाला, बोर्ड बदलावा लागेल. आकडा ऐकून मी पुस्तिका काढली. घड्याळ लावल्याशिवाय हा ओव्हन तापतच नाही, मधली दोन बटणं एकत्र दाबली की नेहमीसारखा चालतो. बोर्ड ठणठणीत! व्हिजिटचे पैसे भांडून परत घेतले. पण भिंतीवरच्या स्वस्त घड्याळातही सेल असतो, मग एवढ्या महागाच्या वस्तूत घड्याळापुरता का नसावा?

त्या दिवशी आत रताळी होती म्हणून निभावलं. चिकन असतं तर? तिथून माझं मत बदललं. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू भराभर वाढतात. कच्चं चिकन दोन तासांहून जास्त फ्रिजबाहेर राहू नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, आणि आपला एप्रिल-मे तसाच असतो. नंतर कितीही खरपूस भाजा, स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंनी आधीच सोडलेलं विष उष्णतेने जात नाही. त्यामुळे चिकन, मासे, दूध-अंड्याचं पुडिंग उशिरा सुरू व्हायला लावणं मी पूर्ण बंद केलं. केकही नाही, थांबलेल्या पिठातला सोड्याचा जोर निघून जातो.

‘इतका वेळ चाल आणि बंद हो’ ही सोय मात्र रोज वापरते, तीही घरात कोणी असतानाच आणि आत ठेवलेल्या कढया-ताटं आधी बाहेर काढून. बंद झाल्यावरही आतली धग बराच वेळ राहते, म्हणून पाच-दहा मिनिटं कमीच लावते.

घेणार असाल तर दुकानात घड्याळ लावायला सांगा, मग मिनिटभर प्लग काढून परत जोडायला लावा. वेळ टिकली तरच पैसे द्या.