१८ अंशांची सरळ रेघ आणि माझे ४२,८००

तंबाखू वाईट असते हे मला कळतं, त्यामुळे ‘बरं झालं, सुटलास’ असं म्हणायला आलेल्यांनी इथेच थांबावं. माझे ९६ सिगार गेले, ४२,८०० रुपये गेले, आणि सव्वीस महिने एका माणसाला मी ‘किती व्यवस्थित काम करता हो तुम्ही’ असं म्हणत राहिलो. यातलं तिसरं सगळ्यात जास्त झोंबतंय.

फसवणुकीची योजना कशी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. ओळखीतल्या ओळखीतून नंबर येतो, गोड बोलणारा माणूस असतो, शिक्का मारलेला कागद असतो. माझ्या बाबतीत वस्तू तेवढी निराळी होती. सिगार ठेवायची थंड खोली. १८ अंश तापमान, ६५ टक्के आर्द्रता, दर महिन्याला नोंदींचा आलेख, पेटीवर माझं नाव.

मी काही अगदीच बावळट नाही. सिगार हा जिवंत असल्यासारखा सांभाळावा लागतो हे वर्षानुवर्षं वाचत आलोय. जुना आडाखा २१ अंश आणि ७० टक्क्यांचा, पण बरेच जण हल्ली थोडं थंड आणि थोडं कोरडं ठेवतात. १८ च्या आसपास पान सावकाश मुरतं, नव्या तंबाखूतला अमोनियाचा झणका हळूहळू जातो, चवीचे कोपरे गोल होतात. तापमान तिशीकडे गेलं की हेच सगळं घाईघाईने होतं. ज्या तेलांमुळे सुगंध असतो ती उडून जातात आणि चव सपाट होते. वर किडीचं भय निराळंच. तंबाखूच्या भुंग्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात. थंडाव्यात ती जवळपास निपचित पडून राहतात, पंचविशीच्या वर जागी होतात, आणि तिशीत महिना-दीड महिन्यात एक पिढी तयार. माझ्या घरात उन्हाळ्यात दुपारी ३३ अंश होतात. मग मी कोणाकडे जायचं होतं? थंड खोली देतो म्हणणाऱ्याकडेच ना? मी पैसे दिले ते माहिती होती म्हणून दिले, नसल्यामुळे नाही. हे कोणाला पटत नाही, पण खरं तेच आहे.

तर हिशेब. चार पेट्या, प्रत्येकी २५ सिगार. प्रत्येक पेटीतला एक मी घरी ठेवून घेतला, म्हणजे त्याच्याकडे गेले ९६. अनामत ६,०००. महिन्याचे १,१५०, असे २६ महिने, म्हणजे २९,९००. ‘विमा’ म्हणून २,४००, ज्याचा कागद आजतागायत आलेला नाही. आणि ‘कीडनाशक गोठवण’ ४,५००. त्या ४,५०० बद्दल पुढे सांगतो, तिथे माझी जास्त शोभा आहे.

दर महिन्याच्या पाच तारखेला आलेख यायचा. दोन रेघा, निळी १८ वर, हिरवी ६५ वर. फुटपट्टीने आखल्यासारख्या सरळ. मी त्या बघून खूश व्हायचो, एकदा तर एका मित्राला दाखवल्या. मूर्खा, सरळ रेघ कधी असते का? थंड करणारं यंत्र चालू होतं, बंद होतं, पुन्हा चालू होतं. तापमान करवतीच्या दात्यांसारखं वरखाली होतं आणि त्याच्यामागे आर्द्रताही हलते. कोणी दार उघडलं तरी टोक निघतं. जिथे खरंच मोजमाप होतं तिथला आलेख ओबडधोबड असतो. तुम्हाला कोणी गुळगुळीत आलेख पाठवत असेल तर तो मोजलेला नाही, काढलेला आहे.

पण आलेखाचं सोडा. आलेख कागदावर असतो, त्याला फसणं समजू शकतो. मला ज्यासाठी स्वतःच्या कानाखाली वाजवाविशी वाटते तो प्रसंग चौदाव्या महिन्यातला आहे. मी न कळवता पेट्या बघायला गेलो. तो म्हणाला, “सर, बसा, आतून आणतो, आत बाहेरच्यांना सोडत नाही, तापमान बिघडतं.” मला हे कारण इतकं शास्त्रशुद्ध वाटलं की मी मान डोलावली. पाच मिनिटांत तो एक पेटी घेऊन आला. मी ती हातात घेतली. पेटी कोमट होती.

कोमट म्हणजे किती ते सांगतो. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या उशीला हात लावल्यावर लागते ना, तेवढी. तळहाताला स्पष्ट कळत होतं. तळाची लाकडी फळी तर बाजूंपेक्षा जास्त ऊन होती, जणू पेटी कशाच्या तरी वर ठेवलेली होती. मी म्हटलंसुद्धा, “गरम लागतेय हो.” तो हसून म्हणाला, “आत्ता बाहेर काढली ना सर, बाहेरची हवा लागली.” आणि मी “हां हां, बरोबर” म्हणालो.

बरोबर? १८ अंशांतली पेटी दमट, उकाड्याच्या खोलीत आणली तर ती गार लागते. तिच्यावर दव धरतं, पितळी कडीला ओलसरपणा येतो. पाच मिनिटांत लाकूड आतून तापत नाही. फ्रीजमधली बाटली टेबलावर ठेवली की काय होतं हे लहान पोराला माहीत असतं. मी इतकी वर्षं दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता यावर इतरांना अक्कल शिकवत आलो आणि स्वतःच्या तळहातावर विश्वास ठेवला नाही. कारण तो माणूस नम्र होता आणि मला चहा विचारत होता.

आणि पुढे ऐका. घरी आल्यावर शंका डोकं वर काढायला लागली, म्हणून मी फोन केला की एवढ्या ऊबेत कीड तर नाही ना होणार. माझ्या त्या शंकेतूनच त्याने ४,५०० काढले. म्हणाला, “खबरदारी म्हणून गोठवून घेऊ.” सकाळी अकराला पैसे पाठवले, संध्याकाळी सहाला निरोप आला, ‘गोठवण पूर्ण’. सात तासांत! कीड मारायची तर पिशवीत हवाबंद करून आधी फ्रीजमध्ये एक दिवस, मग उणे १८ ला निदान तीन दिवस, मग पुन्हा फ्रीजमध्ये एक दिवस, मग बाहेर. घाई केली तर वरचं पान, ज्याला रॅपर म्हणतात, ते तडकतं. हे मला पाठ होतं. तरी मी अंगठा दाखवणारं चित्र पाठवून ‘धन्यवाद’ लिहिलं.

सव्विसाव्या महिन्यात पेट्या घरी आणल्या. पहिला सिगार ओढताना वाटलं माझी जीभच बिघडली आहे. ओढ घट्ट, एका बाजूने भराभरा जळत गेलेला, आणि चव ओल्या पुठ्ठ्याची, शेवटी कडू डांबरासारखी. दुसरा तसाच. मग मी चारही पेट्या वर्तमानपत्रावर रिकाम्या केल्या आणि भिंग घेऊन बसलो. ३९ सिगारांना टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं, झटकले की आतून बारीक भुकटी पडत होती. १९ ना बुरशी, राखाडी-हिरवट, बोटाने पुसली तर डाग मागे राहणारी. २१ ची रॅपरं उभी चिरलेली. ओढलेले दोन धरून राहिले १७, दिसायला ठीक, चवीला पुठ्ठाच.

बुरशीबद्दल त्याला विचारलं तर म्हणाला, “तो तर मोहोर आहे सर, उत्तम मुरल्याची खूण.” असल्या मोहोराच्या गोष्टी ऐकून पांढरा थर कौतुकाने मिरवू नका. लव असलेली, ठिपक्याठिपक्यांनी पसरलेली, पायाच्या, म्हणजे पेटवायच्या, टोकालाही शिरलेली दिसली तर ती बुरशीच.

आता ते घरी ठेवलेले चार. स्वयंपाकघराच्या झाकणाच्या घट्ट प्लास्टिक डब्यात, आर्द्रता राखणाऱ्या एका पाकिटासोबत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या, भिंतीकडच्या कोपऱ्यात. तिथे उन्हाळ्यातही दुपारचा ताव पोचत नाही. त्यातला एक पेटवला. लाकूड, भाजलेली कॉफी, शेवटच्या तिसऱ्या भागात मिरीचा ठसका. तोच माल, त्याच पेटीतला. फुकटात सांभाळलेला. तो ओढताना मला अक्षरशः रडू आलं.

अजून एक. ‘आमच्याकडे आर्द्रता ७० टक्केच असते’ हे वाक्य ऐकून गप्प बसू नका, किती अंशांवर ते विचारा. २१ अंशांच्या हवेत ७० टक्के म्हणजे घनमीटरला सुमारे १३ ग्रॅम वाफ, ३० अंशांत तीच ७० टक्के म्हणजे २१ ग्रॅम. काटा दोन्हीकडे तेच दाखवतो. रात्री तीच हवा गार झाली की जास्तीचं पाणी जाणार कुठे? पानातच.

मग मी तक्रार करायला निघालो. पहिल्या टेबलावरचे साहेब म्हणाले, “माल परत मिळाला ना? मग चोरी कसली?” मी भोकं दाखवली. “ही आधीपासून नव्हती कशावरून?” दुसऱ्या कार्यालयात करार वाचला गेला. त्यात ‘योग्य तापमानात साठवण’ असं होतं, अंश कुठेच नव्हते. अंश फक्त त्याच्या तोंडात आणि आलेखात होते. बाई म्हणाल्या, “योग्य म्हणजे किती ते तुम्ही सिद्ध करा.” (करारात आकडा लिहून घ्या. किमान आणि कमाल, दोन्ही.) तिसरीकडे चवीची तपासणी होते का विचारलं, तर उत्तर आलं की चव हा गुणधर्म आमच्या यादीत नाही. मी म्हटलं, माझ्याकडे घरातले नमुने आहेत, तुलना करा. किती आहेत? तीन. चौथा? ओढला. “म्हणजे तुम्हीच पुरावा जाळलात,” साहेब मागच्या टेबलाकडे बघत म्हणाले आणि तिथून हसण्याचा आवाज आला.

चौथीकडे अर्ज तीन प्रतींत मागितला. दिला. मग म्हणाले, प्रत्येक प्रतीला आलेखांच्या प्रती जोडा. २६ आलेख, तीन प्रती, ७८ पानं. दिली. ती चाळून एका तरुण कर्मचाऱ्याने मला समजावलं, “काका, यात तर १८ अंशच दिसतंय की. त्यांनी बरोबर ठेवलेलं दिसतंय.” त्याच्या खोट्या कागदावर माझ्याच खर्चाने शिक्कामोर्तब! एकेचाळीस दिवसांनी मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे, कृपया सेवेला गुण द्या. कोणाचं समाधान झालं, मला भेटायचं आहे त्याला. एकाही माणसाने, एकदाही, त्या खोलीत जाऊन तापमापक लावला नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

ज्यांचे सिगार अजून कोणाच्या कोठीत आहेत त्यांनी उद्याच एक छोटा नोंदयंत्रवाला मापक पेटीच्या आत टाकावा, न सांगता. त्याआधी तो तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंबभर पाणी, ओलसर लगदा होईल एवढंच, आणि मापकासकट हवाबंद पिशवीत रात्रभर. आकडा ७५ च्या आसपास यायला हवा, जितका चुकेल तितकी सूट धरा. आणि लाकूड ‘सीडर’ आहे म्हणून भुलू नका. सिगारवाले ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात ते ना स्पेनचं ना देवदाराच्या जातीचं, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं आहे. वास छान, पण ते खोली थंड करत नाही.

पेट्या सोडवताना त्याने ‘निकासी शुल्क’ म्हणून ९०० मागितले होते. कोमट पेटी आठवत असताना, पावतीही न मागता, मी ते दिले. म्हणजे खरा आकडा ४३,७००. घरी मात्र ४२,८०० च सांगितलेत.