एटिमऑनलाइन: 'पेशंट' शब्द कुठून आला ते बघायचंय? मग ही साइट उघडाच

इंग्लिश शब्दांचं मूळ शोधायला डग्लस हार्पर यांची ही साइट मला मनापासून आवडते, फुकट आहे आणि सर्च एकदम सोपा. 'पेशंट' टाकून बघा. आपण दवाखान्यात रोज बोलतो तो शब्द लॅटिनमधल्या 'पती' म्हणजे सोसणे या क्रियापदातून, जुन्या फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्लिशमध्ये आला. म्हणजे पेशंट म्हणजे सोसणारा, आणि धीर धरणारा या अर्थाचा 'पेशंट' पण त्याच मुळाचा, दोन वेगळे शब्द नाहीतच! पुढे लिंका दाबत गेलं की कळतं पॅशन, पॅसिव्ह, कम्पॅशन सगळी एकाच घरातली भावंडं. पॅशन आधी येशूच्या यातनांसाठी वापरायचे, तीव्र आवड हा अर्थ खूप नंतरचा, आणि कम्पॅशन म्हणजे मुळात सोबत सोसणं. मला हे फार भिडलं, नर्सिंग नि मेडिकलच्या मुलांनी तरी वाचायलाच हवं.

सगळं इंग्लिशमध्येच आहे आणि नोंदी त्रोटक, त्यामुळे जुनी वाक्यं तारखेवार हवी असतील तर ऑक्सफर्डचा मोठा कोशच लागतो, पण त्याला सबस्क्रिप्शन पडतं. शाळकरी मुलांना शेजारी बसून समजवावं लागेल. बाकी रोजच्या वापराला हीच बेस्ट. 'व्हिक्टिम' पण नक्की शोधा, तो मुळात देवाला बळी दिलेल्या जनावराचा शब्द, माणसासाठी नंतर आला.