एलिटेक आरसी-५ घेताय? आधी इंटरव्हल ठरवा

औषधांचा फ्रिज, द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज, एक्स्पोर्टचा कंटेनर, या कामांना एलिटेकचा आरसी-५ हा यूएसबी टेम्परेचर लॉगर, म्हणजे ठरावीक वेळाने तापमान नोंदवून ठेवणारं यंत्र, चांगला आहे. पण ‘३२,००० नोंदी’ या आकड्यावर भाळून घेऊ नका. त्या किती दिवस पुरतील हे इंटरव्हलवर, म्हणजे दोन नोंदींमधल्या वेळेवर, ठरतं, आणि सेल त्याआधीच मान टाकू शकतो.

नोंदींची संख्या गुणिले इंटरव्हल, एवढाच हिशेब. १० सेकंदांवर मेमरी ३ दिवस १७ तासांत भरते. १ मिनिटावर २२ दिवस, ५ मिनिटांवर १११, १५ मिनिटांवर ३३३ दिवस. आतला सीआर२०३२ सेल मात्र कंपनीच्याच आकड्यानुसार १५ मिनिटांच्या इंटरव्हलवर, तेही २५ अंशांत, सहा महिने चालतो. म्हणजे मेमरी अर्धीच भरलेली असताना सेल संपतो. थंडीत त्याचा दम आणखी कमी होतो, म्हणून महत्त्वाच्या कामाला प्रत्येक वेळी नवा सेल घाला.

सगळ्यात लहान इंटरव्हल लावला की जास्त माहिती मिळते, हा समज चुकीचा आहे. सेन्सर प्लास्टिकच्या कव्हरमध्ये असल्याने बाहेरची हवा बदलली तरी आकडा स्थिरावायला काही मिनिटं जातात. १० सेकंदांवर बहुतेक वेळा तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहिला जातो.

खरं नुकसान उलट्या बाजूने होतं. लसी आणि इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंश राखायचे असतात. समजा, कॉम्प्रेसर दर ३० मिनिटांनी सुरू होतो आणि लॉगरही ३० मिनिटांवर आहे. मग प्रत्येक नोंद चक्राच्या त्याच टप्प्यावर पडते. ग्राफ रात्रभर ४.६ वर सरळ रेष दाखवतो आणि मधल्या वेळेत पारा १ अंशापर्यंत उतरून आला तरी त्याचा मागमूस नाही. हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली की वाया जाते, म्हणून ही सरळ रेष फार धोक्याची. एका चक्रात निदान पाच-सहा नोंदी पडायला हव्यात. औषधांच्या फ्रिजला ५ मिनिटं ठेवा.

नाशिकची द्राक्षं न्हावा शेवाहून युरोपला पाठवताना प्रवास ३५ दिवसांचा धरला, तर १ मिनिटाचा लॉगर भर समुद्रात भरून जाईल. २ मिनिटांवर ४४ दिवस मिळतात, पण बंदरात रखडपट्टी झाली तर तेही अपुरे. इथे १० मिनिटं पुरेशी आहेत. लॉगर एका ठिकाणी न ठेवता एक दाराजवळच्या पेटीत आणि एक मधल्या रांगेत ठेवा.

लॅस्कर कंपनीच्या ईएल-यूएसबी-१ या अशाच लॉगरमध्ये १६,३८२ नोंदी बसतात, म्हणजे १ मिनिटावर जेमतेम ११ दिवस. त्या मानाने आरसी-५ उजवा. मात्र याला बाहेरचा प्रोब (वायरीला जोडलेला सेन्सर) नाही आणि वाय-फायही नाही, त्यामुळे रेकॉर्ड बघायला तो काढून कॉम्प्युटरला लावावाच लागतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: नवं सेटिंग टाकलं की जुना सगळा डेटा पुसला जातो. आधी फाइल सेव्ह करा, मगच इंटरव्हल बदला. सेल बदलल्यावर घड्याळही जुळवून घ्या. आणि थंडीतून काढल्याबरोबर टोपण उघडू नका. आधी दव पुसा, कोरडा होऊ द्या, मग यूएसबीत लावा.