पोकरचे निकाल सांगणारं ॲप: जमेची बाजू चोख, खर्चाची कोरी

मेंढीकोटापलीकडे मी पत्ते खेळलेली नाही. तरी दोन वर्षं मे ते जुलै रोज सकाळी चहाबरोबर वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या लास व्हेगासच्या पोकर स्पर्धांचे निकाल वाचते, कारण भाच्याला तिथे खेळायला जायचंय आणि माझी नोकरी बँकेत तपासनीसाची होती. लास व्हेगास आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, त्यामुळे तिथला रात्रीचा डाव संपतो तेव्हा इथे दूधवाला येऊन गेलेला असतो. निकाल बघायला भाच्यानेच हे ॲप टाकून दिलं. नाव लिहीत नाही, वापरणारे ओळखतील.

आधी चांगलं. आकडे गोल करत नाहीत, डॉलरपर्यंत देतात. 2025 चा मेन इव्हेंट, म्हणजे त्यातली मुख्य स्पर्धा, घ्या. प्रवेश 10,000 डॉलर, खेळाडू 9,735, बक्षिसांची एकूण रक्कम 9,05,35,500. सवयीने भागाकार केला तर बरोबर 9,300 आले. म्हणजे माणशी 700 डॉलर पत्ते वाटायच्या आधीच बाजूला. 2024 ला 10,112 खेळाडू, रक्कम 9,40,41,600. पुन्हा 9,300! ताळा जमला की मला उगाच बरं वाटतं.

पण हे 700 ॲपमध्ये कुठे लिहिलेले नाहीत, आणि माझी मुख्य तक्रार त्यातच आली. ‘कमाई’ नावाचा हिरवा रकाना आहे, खर्चाचा नाहीच. मेन इव्हेंटमध्ये एकदा बाद झालात की बाद, तिथे निदान वजाबाकी सोपी. 2025 ला 1,461 जणांना बक्षीस मिळालं, शेवटच्यांना 15,000 डॉलर. त्यातून दहा हजार वजा करा, मग विमान, हॉटेल, आणि भारतीय असाल तर अमेरिकेचा 30 टक्के कर. बाकीच्या बऱ्याच स्पर्धांत मात्र बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून बसता येतं. कुणी किती वेळा भरले, याचा पत्ता नाही. भाचा हिरवा रकाना दाखवून म्हणतो, “मावशी, हा बघ, दहा हजार!” मी विचारते, भरले किती?

निकालाला शेरा जोडायची सोयही नाही. 2025 च्या मिलियनेअर मेकर या स्पर्धेत शेवटी उरलेल्या दोघांच्या खेळावर संशय आला. आयोजकांनी ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याचं मानाचं कडं, कुणालाच दिलं नाही, उरलेलं बक्षीस दोघांत सारखं वाटलं. ॲपमध्ये पहिल्या नावापुढे ब्रेसलेटचं चित्र बरेच दिवस तसंच. आमच्याकडे असा ताळेबंद सहीला आला असता तर परत गेला असता. 2025 च्या मेन इव्हेंटमध्ये लिओ मार्गेट्ससमोर नुसतं ‘सातवी, 15,00,000’. 1995 नंतर मेन इव्हेंटच्या फायनल टेबलवर, म्हणजे शेवटच्या नऊ जणांत, पोचलेली ती पहिली बाई, हे मला भाच्याकडून कळलं.

खेळाडूचं पान मात्र छान. 2025 चा मेन इव्हेंट जिंकलेल्या मायकेल मिझराकीचं उघडलं तर त्याच उन्हाळ्यात 50,000 डॉलर प्रवेशाची पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिप, तीही चौथ्यांदा, आणि खाली मेन इव्हेंटचे 1,00,00,000. शून्यं दोनदा मोजली.

राहिली ती घंटी. कुणाला आयते पत्ते कळू नयेत म्हणून तिथलं प्रक्षेपण मुद्दाम उशिराने दाखवतात. ॲपला उशीर नसतो. शेवटच्या दिवशी भाचा माझ्याच सोफ्यावर डोळे फाडून बघत बसलेला, माझा फोन टुणकन वाजला आणि मी मोठ्याने वाचलं, “मिझराकी जिंकला.” पोरगं अर्धा तास बोललं नाही. घंटी बंद करायचं बटण तीन पानं आत आहे. ते त्यानेच शोधून बंद केलं.

पाचपैकी तीन तारे. खर्चाचा रकाना टाकलात तर चौथा देईन. तोवर मी वहीत आखून घेतलाय, पहिल्या ओळीत भाच्याचं विमानाचं तिकीट.